सिंहगडावरून येणारी मुंबई

सत्तरच्या दशकात पुण्यातल्या कुठल्याही पेठेतल्या गच्चीवर चढलं की दिशा विचारावी लागत नसे. दिसतील तेवढ्या सगळ्या अँटेना नैर्ऋत्येकडे तोंड करून उभ्या असत. तिकडे सिंहगड. अॅल्युमिनियमच्या त्या काड्यांवर कावळे बसत, संक्रांतीनंतर पतंगांची लक्तरं लोंबत, आणि वळवाच्या पावसात एखादी अँटेना फिरून कात्रजकडे पाहायला लागली की खालच्या घरात पडद्यावर मुंग्या यायच्या. मग कोणीतरी वर, कोणीतरी जिन्यात आणि कोणीतरी टीव्हीसमोर, अशी साखळी करून तिची मान पुन्हा गडाकडे वळवली जायची. जिन्यातल्या माणसाचं काम सगळ्यात वाईट. त्याला ना टीव्ही दिसे, ना आकाश. तो नुसता निरोप्या.

गडावर प्रक्षेपण केंद्र आलं त्याचं कारण भूगोलात आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला वरळीहून सुरू झालं. दिल्लीचं केंद्र १९५९ सालचं, म्हणजे दुसरं केंद्र निघायला या देशाला तेरा वर्षं लागली. आता वरळीचा मनोरा कितीही उंच केला, तरी टीव्हीच्या लहरी नजरेच्या रेषेत चालतात. आकाशवाणीच्या मध्यमलहरींसारख्या त्या डोंगराला वळसा घालून येत नाहीत. मध्ये सह्याद्री आडवा. तेव्हा १९७३ साली, मुंबईच्या पाठोपाठ वर्षभरात, सिंहगडावर सहप्रक्षेपण केंद्र उभं राहिलं. समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या आसपास असलेला तो माथा त्या कामाला आयताच मिळाला. मुंबईहून आलेलं चित्र घ्यायचं आणि पुण्यावर सोडायचं, एवढंच त्याचं काम. स्वतःचं तो काहीच बोलत नसे.

हे पुणेकरांना जड गेलं. गेलंच पाहिजे. या शहराला १९५३पासून स्वतःचं आकाशवाणी केंद्र होतं आणि त्या केंद्राने १९५५-५६मध्ये वर्षभर, दर आठवड्याला एक नवं गाणं, असं गीतरामायण महाराष्ट्राला ऐकवलं होतं. गदिमा आणि बाबूजी दोघंही इथलेच म्हणावेत असे. थोडक्यात, आवाज पुण्याहून जायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा, ही सवय. आणि आता चित्र मात्र मुंबईहून येणार, आपण नुसतं बघायचं. आमच्या शनिवार पेठेतल्या वाड्याचे मालक, नाना, बातम्या लागल्या की रोज एकदा तरी चिडायचे. परळ आणि भायखळ्याच्या दरम्यान ओव्हरहेड वायर तुटली, मध्य रेल्वेच्या लोकल उशिरा धावतायत, वैतरणेतून पाणी कमी येणार. "ह्यांच्या लोकल उशिरा, त्याला आम्ही काय करायचं?" असं म्हणून नाना बातम्या संपेपर्यंत जागचे हलत नसत. दोन-चार वर्षांत त्यांना मध्य रेल्वेची सगळी स्टेशनं ओळीने पाठ झाली होती. कुर्ल्याला ते आयुष्यात उतरले नसतील.

पुण्याने परतफेड मात्र केली, तीही फारशी कोणाच्या लक्षात न येता. दिल्लीत चाललेला दूरचित्रवाणी प्रशिक्षणाचा विभाग १९७४ साली पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये हलवला. प्रभात स्टुडिओच्या जागेत उभ्या असलेल्या त्या संस्थेच्या नावात 'टेलिव्हिजन' हा शब्दही त्याच सुमारास शिरला. दूरदर्शनचे कर्मचारी इथे येऊन शिकायचे. कॅमेरा शिकायचा लॉ कॉलेज रोडला आणि चालवायचा वरळीला, असा तो व्यवहार. त्याहीआधी, दिल्लीच्या केंद्राच्या अगदी सुरुवातीला पु. ल. देशपांडे तिथे निर्माते होते, हे तर पुण्यात कोणीही न विचारता सांगतं.

आमच्या वाड्यात टीव्ही नानांकडेच होता. शटरचा, चार पायांवर उभा, वर क्रोशाचा रुमाल. त्याचा परवाना पोस्टात जाऊन काढावा लागे आणि दरवर्षी पैसे भरावे लागत, त्यामुळे नाना पुढे बसणाऱ्या आम्हा पोरांकडे थोडंसं भाडेकरूंचे भाडेकरू असल्यासारखं पाहत. नानांच्या पत्नीला आम्ही सगळे काकू म्हणायचो. टीव्हीचा खरा ताबा काकूंकडे होता. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी त्या येऊन बसत आणि शेवटच्या निवेदनापर्यंत बसून राहत. बंद करणं हा त्यांना वीज वाचवण्याचा भाग न वाटता पाहुण्याला उठवून लावल्यासारखं वाटत असावं.

त्यामुळे आम्ही 'आमची माती, आमची माणसं' पाहिलं.

हे वाक्य मी वेगळं लिहिलं, कारण माझ्या पिढीतले बरेच पुणेकर त्या कार्यक्रमाचं नाव विनोदासारखं घेतात. संध्याकाळी पोरं 'गजरा'ची किंवा 'छायागीत'ची वाट पाहतायत आणि पडद्यावर कृषी विद्यापीठातले कोणी तज्ज्ञ खुर्चीत ताठ बसून ज्वारीवरच्या खोडमाशीबद्दल बोलतायत. समोरचा मुलाखत घेणारा शेतकऱ्याच्या वतीने विचारतो, "मग यावर उपाय काय?" तज्ज्ञ सांगतात, अमुक औषध, हेक्टरी इतकं, इतक्या लिटर पाण्यातून. मध्येच शेताचं चित्र यायचं, वाऱ्याने हलणारं पीक, बिनआवाजाचं, बहुतेक मागाहून जोडलेलं. काकूंकडे हेक्टर सोडा, कुंडीसुद्धा धड नव्हती. नळाशेजारी डालड्याच्या डब्यात लावलेला कढीपत्ता तेवढा होता. पण त्या ऐकायच्या. द्राक्षांवर भुरी पडते म्हणजे नेमकं काय होतं, कपाशीच्या बोंडात अळी कधी शिरते, हे त्या भाजी निवडताना ऐकत आणि दुसऱ्या दिवशी मंडईत जाऊन वापरत. मंडईतला वांगीवाला भाव वाढवून सांगायला लागला की काकू त्याला म्हणत, "यंदा शेंडे पोखरणारी अळी जास्त आहे का रे तुमच्याकडे?" तो दचकून बघायचा. भाव कमी करायचा की नाही ते आठवत नाही, पण बोलायला लागायचा. तो पुरंदरचा होता, त्याची तीन भावांत वाटणी झालेली जमीन होती, विहिरीला उन्हाळ्यात पाणी नसे. वर्षानुवर्षं त्याच्याकडून भाजी घेणाऱ्या काकूंना हे सगळं पहिल्यांदा कळलं ते त्या अळीमुळे.

गंमत अशी, की तो कार्यक्रम ज्यांच्यासाठी होता त्यांच्यातल्या बहुतेकांकडे टीव्हीच नव्हता. सत्तरच्या दशकात मुंबई केंद्राचं चित्र मुंबईत दिसे आणि सिंहगडामुळे पुण्यात आणि आसपास दिसे. कुठे एखाद्या ग्रामपंचायतीत सार्वजनिक संच असे, तोही चालू असला तर. मराठवाड्याला, विदर्भाला, कोकणाच्या मोठ्या भागाला टीव्ही भेटला तो १९८२नंतर, उपग्रह आणि छोटी प्रक्षेपण केंद्रं आल्यावर. १९८४मध्ये तर देशात काही काळ जवळजवळ रोज एक केंद्र सुरू होत होतं. म्हणजे पहिली दहा वर्षं शेतकऱ्याला दिलेला सल्ला ऐकला कोणी, तर दादरच्या चाळींनी आणि शनिवार-नारायण पेठेतल्या वाड्यांनी. सरकारी हिशेबात हा शुद्ध अपव्यय. मला तो या सगळ्या इतिहासातला सगळ्यात चांगला भाग वाटतो.

कारण ते केंद्र आखलंच होतं दुसऱ्या कोणासाठी तरी. कामगारांसाठी 'कामगार विश्व'. गृहिणींसाठी 'सुंदर माझं घर'. तरुणांसाठी 'युवदर्शन'. मुलांसाठी मराठीत 'किलबिल', हिंदीत 'खेल खिलौने', इंग्रजीत 'मॅजिक लॅम्प' आणि गुजरातीत 'संताकुकडी', कारण केंद्र मुंबईचं आणि मुंबईत गुजराती मुलं. आमच्या वाड्यात गुजराती कोणालाच येत नव्हतं. पण वाहिनी एकच. त्यामुळे 'संताकुकडी'ही तितक्याच निष्ठेने पाहिलं जाई, आणि लक्ष्मी रोडवरच्या कापडाच्या दुकानात मालक आपल्या नोकराला काय सांगतोय हे आम्हाला थोडं थोडं कळायला लागलं. आईला त्याचा घासाघीस करताना उपयोग झाला. असल्या शिक्षणाची नोंद कुठल्या अहवालात सापडणार नाही.

आणि 'आपण यांना पाहिलंत का?'

तेव्हा ज्यांनी पाहिलं त्यांना नुसत्या शीर्षकाने पोटात कसंतरी होतं. हरवलेल्या माणसांचे फोटो, एकामागून एक. बहुतेक फोटो लग्नातल्या घोळक्यातून कापून काढलेले किंवा शाळेच्या ओळखपत्रावरचे, मोठे केल्यामुळे पसरट झालेले. आणि वर निवेदिकेचा सपाट आवाज: वय, उंची, रंग सावळा, बांधा सडपातळ, अंगात निळी अर्धी चड्डी आणि पांढरा सदरा, मराठी आणि हिंदी बोलता येतं. आवाजात कणव नाही, मागे संगीत नाही. आज असा कार्यक्रम केला तर मागे सनई लावतील, आईला रडायला लावतील आणि जाहिरातीआधी थांबवतील. तेव्हा फक्त वर्णन. त्या कोरडेपणामुळे ते वर्णन तुमच्याकडे राहायचं. शाळेतून येताना अप्पा बळवंत चौकात, बसस्टॉपवर, ओंकारेश्वराच्या पुलावर आम्ही माणसांकडे टक लावून पाहायचो. एका म्हाताऱ्याला आम्ही मुलांनी स्वारगेटपर्यंत गाठलं होतं, कारण त्याच्या डाव्या गालावर तीळ होता. तो भोरच्या गाडीत बसून निघून गेला. त्याला काहीच झालेलं नव्हतं, तो त्याच्या घरीच चालला होता. पण अनोळखी माणसाच्या गालावरचा तीळ पाहण्याइतकं आमचं लक्ष कशाने वळवलं असेल, तर त्या कार्यक्रमाने.

बातम्यांचं वेगळं. अनंत भावे, प्रदीप भिडे, भक्ती बर्वे ही घरातली माणसं होती. शब्दांचा उच्चार कसा करावा याचा वाद झाला की 'भिडे कसं म्हणतात?' हा शेवटचा निकाल असे, आणि पुण्यात उच्चाराच्या बाबतीत मुंबईच्या कोणाचा निकाल मानणं ही लहान गोष्ट नाही. सुरुवातीच्या काळात स्मिता पाटील मराठी बातम्या देत. ती पुण्यात जन्मलेली, रेणुका स्वरूपची मुलगी, त्यामुळे तिच्यावर आमचा हक्क. जीन्सवरच साडी गुंडाळून ती बातम्यांना बसायची, असं सांगतात. टेबलाखालचं कोणाला दिसत नव्हतं. श्याम बेनेगलांनी तिला हेरलं तेही बातम्यांमुळेच. नानांना ती आवडत नसे, फार गंभीर दिसते म्हणून. पुढे सिनेमात आल्यावर 'मी तेव्हाच म्हटलं होतं' असं तेच म्हणाले. काय म्हटलं होतं ते कोणी विचारलं नाही.

'गजरा', 'प्रतिभा आणि प्रतिमा', 'ज्ञानदीप' यांच्याबद्दल इतरांनी इतकं लिहिलंय की मी हात आखडता घेते. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ यांच्याबद्दलही. एवढंच सांगते, की चिमणराव लागला की वाड्याच्या चौकात धुणं भिजत पडायचं, आणि बाळ कर्वे पुढे कितीही नाटकांत दिसले तरी काकूंनी त्यांना गुंड्याभाऊशिवाय दुसरं नाव दिलं नाही.

हे सगळं सोनं होतं असं मात्र कोणी म्हणू नये. निम्म्याहून अधिक वेळ कंटाळवाणा असे. मंत्री फीत कापतायत, मंत्री दीप लावतायत, मंत्री बोलतायत पण आवाज निवेदकाचा. चर्चेत चार पुरुष आणि एक फुलदाणी. 'व्यत्यय' ही पाटी तर इतक्या वेळा आणि इतका वेळ दिसायची, की आमच्यातला एकजण तिलाच सगळ्यात लोकप्रिय कार्यक्रम म्हणे. आणीबाणीत तर दूरदर्शन हे सरकारचं तोंड होतं, त्यात आडपडदा नव्हता. १ एप्रिल १९७६ला दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं, नवं बोधचिन्ह आलं, ती फिरत फिरत जुळणारी आकृती आणि तिच्यामागची धून आली, पण वेगळं झालं म्हणजे मोकळं झालं असं नव्हे. आमच्या वाड्यातल्या एका बिऱ्हाडातले काका तेव्हा येरवड्यात होते. त्यांच्या घरातलं कोणी त्या दोन वर्षांत नानांकडे टीव्ही पाहायला आलं नाही. नाना बोलावत, ते 'येतो' म्हणत. एका नळावर पाणी भरणाऱ्या माणसांत एवढं अंतर पडलं होतं, आणि आम्ही पोरं 'किलबिल' पाहत होतो. प्रसार भारतीचा कायदा १९९०चा, तो अमलात आला १९९७ला. तोवर खासगी वाहिन्यांनी निम्मं घर ताब्यात घेतलं होतं.

मधला काळ भराभर गेला. १९८२च्या ऑगस्टमध्ये रंग आले आणि त्याबरोबर दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रमही आला. रात्रीची मोक्याची वेळ मुंबईकडून दिल्लीकडे गेली, आणि आता मुंबईकरांनीच तक्रार सुरू केली, की आपल्या वेळेत दिल्ली घुसते. नानांना काय आनंद झाला! मग 'हम लोग', मग 'रामायण', तो इतिहास सगळ्या देशाचा एकच आहे. नव्वदनंतर वाड्याच्या कौलांवरून केबलच्या काळ्या वायरी आल्या आणि अँटेना नुसत्याच उभ्या राहिल्या, बऱ्याच जणांनी त्यांच्यावर कपडे वाळत घातले. १९९४च्या १५ ऑगस्टला दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी आली. तिचं 'सह्याद्री' हे नाव २०००च्या एप्रिलमधलं. मुंबई आणि पुण्याच्या मध्ये आडवा आलेला जो डोंगर, ज्याच्यामुळे सिंहगडावर टॉवर बांधावा लागला, त्याचंच नाव वाहिनीला मिळालं. ज्याने कोणी ठेवलं त्याच्या डोक्यात हे नसणार, पण माझ्या डोक्यातून जात नाही. 'अल्फा मराठी' ही खासगी वाहिनी त्याच्या काही महिने आधी सुरू झाली होती. पुढचं सांगायला नको. मालिकेतली सासू एकदा घरात आली की खोडमाशीला कोण विचारतो?

एका गोष्टीचा मला अजून राग येतो. तेव्हा टेप महाग होत्या. एकदा दाखवलं की त्याच टेपवर दुसरं काहीतरी मुद्रित करायचे. त्यामुळे त्या पहिल्या वर्षांमधलं फारच थोडं शिल्लक आहे. जे उरलं ते नाटकांचं, गाण्यांचं, मोठ्या लोकांच्या मुलाखतींचं, कारण तेवढं जपून ठेवावं असं कोणाला तरी वाटलं असणार. शेतीतज्ज्ञांची ताठ खुर्ची आणि हरवलेल्या माणसांचे फोटो कोण जपणार? खरं तर महाराष्ट्राचा इतिहास लिहायचा तर पहिल्यांदा तेच लागलं असतं. कुठलं गाव सोडून कोण मुंबईला पळालं, किती वर्षांचं होतं, अंगात काय होतं, कोणती भाषा येत होती. अशी वही दुसरीकडे कुठे मिळणार नाही, आणि तिच्यावर बहुधा कुठल्यातरी उद्घाटन समारंभाचं मुद्रण झालं असेल.

देशभरातली जुन्या पद्धतीची जमिनीवरची प्रक्षेपणं २०२२पर्यंत जवळजवळ सगळी बंद झाली. आता सह्याद्री उपग्रहावरून येतं, केबलवर येतं, फ्री डिशवर दिसतं, फोनवरही दिसतं. अँटेनाचं काम संपलं. मी आता राहते ती इमारत सिंहगड रोडला आहे, म्हणजे गडाच्या जास्त जवळ, आणि माझ्या घरात सह्याद्री कोणी लावत नाही. मीही नाही, उगाच का खोटं बोलू.

खाली वॉचमन मात्र पाहतो. बीडकडचा आहे, पस्तिशीचा, गावाकडे दोन एकर आहे, ती वडील बघतात आणि हा इथे रात्रपाळी करून पैसे पाठवतो. संध्याकाळी मी फिरून येते तेव्हा त्याच्या फोनवर सह्याद्रीवरचा शेतीचा कार्यक्रम लागलेला असतो. परवा मी खुर्ची ओढून शेजारी बसले. सोयाबीनवरचा पिवळा मोझॅक. तज्ज्ञ आता खुर्चीत नाहीत, शेतातच उभे असतात, टोपी घालून. बाकी सगळं तेच. हेक्टरी इतकं, इतक्या लिटरमधून. तो मन लावून ऐकत होता आणि मध्येच गावाला फोन लावून वडिलांना सांगत होता, पानं उलटून बघा, खाली पांढरी माशी आहे का. पलीकडून वडील काहीतरी मोठ्याने बोलले. त्याने फोन बाजूला धरला आणि मला म्हणाला, "ताई, म्हातारा म्हणतोय, माशी हाये का नाही ते नंतर, आधी मोटार जळलीय, तिचं काय करायचं ते विचार त्या टीव्हीवाल्याला."

कार्यक्रमाच्या शेवटी प्रश्न पाठवण्यासाठी पत्ता येतो, तो त्याने उतरवून घेतला. पत्ता वरळीचा होता. त्याला वाटत होतं पुण्याचा असेल.